पिशवीवरची तारीख

गेल्या वर्षी राखीपौर्णिमेला आत्यानं अण्णांना ओवाळलं, राखी बांधली, पेढ्याचा तुकडा तोंडात घातला. अण्णा पाटावरून उठायला गेले आणि भिंतीला धरून परत खाली बसले. चेहरा पिठासारखा पांढरा, ओठही पांढरे. मी त्यांची खालची पापणी ओढून पाहिली आणि चपला न घालता रिक्षा बघायला धावले.

वाटेत कळलं की चार दिवस शौचाला डांबरासारखं काळं होत होतं आणि त्यांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या दोन महिने रोज चालू होत्या. पोटातला अल्सर वाहत होता. हिमोग्लोबिन ५.८.

मी सांगलीत एका रक्तपेढीत टेक्निशियन आहे, २४ वर्षं झाली. अण्णांचा गट ए पॉझिटिव्ह. त्या रात्री आमच्या फ्रिजमध्ये ए पॉझिटिव्हची एकही पिशवी नव्हती. शेवटच्या दोन दुपारीच एका बाळंतिणीला गेल्या होत्या. माझाही गट ए, पण माझं हिमोग्लोबिन ११.८, आणि साडेबाराच्या खाली आम्ही कुणाचंच रक्त घेत नाही. ओ पॉझिटिव्हच्या पिशव्या होत्या. ओ गटाच्या तांबड्या पेशींवर ए किंवा बी यांपैकी कुठलीच खूण नसते, म्हणून ए गटाच्या माणसाचं शरीर त्यांच्यावर उठत नाही. पॅक्ड सेल, म्हणजे प्लाझ्मा बहुतेक काढून टाकलेल्या पेशी, अशा वेळी देतात. क्रॉसमॅच, म्हणजे पिशवीतलं रक्त पेशंटच्या रक्ताशी जुळतं का ही तपासणी, मी लावली. हाताला कंप होता म्हणून रात्रपाळीच्या सहकाऱ्याला पहिल्यापासून परत लावायला सांगितली. साडेअकराला पहिली पिशवी चढली, पहाटे दुसरी.

पहिल्या पिशवीवर लिहिलं होतं: संकलन २८ जुलै, मुदत ८ सप्टेंबर. बेचाळीस दिवस. अशा तारखा मी किती हजार वेळा वाचल्या असतील. काउंटरवर नातेवाईक हात जोडून म्हणतात, "मॅडम, ताजं बघून द्या हो," आणि आम्ही हीच तारीख दाखवतो. त्या रात्री खुर्चीत बसून थेंब पडताना बघत होते तेव्हा मनात आलं, ही तारीख रक्त हातातून बाहेर पडल्याची आहे. पेशींची जन्मतारीख नव्हे. २८ जुलैला ज्या कुणी दंड पुढे केला त्याच्या शिरेतून पिशवीत आलं ते अख्खं गाव होतं. काल जन्मलेली पेशी, महिन्याची, दोन महिन्यांची, आणि उद्या-परवा मरणारीसुद्धा. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, हे तर डीएमएलटीच्या, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाच्या, पहिल्या वर्षी पाठ केलेलं. पण कुठली पेशी कितव्या दिवसाची आहे हे मी कधी पाहिलं होतं का? नव्हतं. पाहता येतच नाही, असं मी धरून चालले होते.

आठव्या दिवशी अण्णांचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, केला तेव्हा स्लाइड मीच रंगवली. लिशमनच्या रंगात नेहमीच्या पेशी गुलाबी-केशरी दिसतात. त्यांच्यामध्ये जागोजागी थोड्या मोठ्या, जांभळट झाक असलेल्या पेशी होत्या. या नुकत्या जन्मलेल्या. न्यू मिथिलीन ब्लूनं रंगवल्यावर त्यांच्या पोटात निळ्या दोऱ्यांची गुंतवळ उमटते. तो पेशीच्या कारखान्याचा उरलेला माल, आरएनए. यांना रेटिक्युलोसाइट म्हणतात. निरोगी माणसात शंभरात एखाद-दुसरी असते. अण्णांच्यात सात टक्के होत्या. अस्थिमज्जा रात्रंदिवस कामाला लागली होती. मी डोळे पुसून परत मोजल्या. साताच्या खाली एकदाही आल्या नाहीत.

तांबडी पेशी मज्जेत तयार होताना शेवटी आपलं केंद्रक बाहेर टाकते आणि शेजारची भक्षक पेशी ते गिळून टाकते. मग ती रक्तात येते, एक-दोन दिवसांत उरलासुरला आरएनए आणि इतर सामान काढून टाकते, अंगावरचं जास्तीचं आवरण झडतं, आणि तिला तो आकार येतो जो आपण शाळेच्या पुस्तकात 'द्विअंतर्वक्र' म्हणून घोकला. साताऱ्याचा कंदी पेढा दोन्ही बाजूंनी अंगठ्यानं मधोमध दाबला तर जसा दिसेल तसा. व्यास सात-आठ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), कडेला जाडी दोन-अडीच, मध्ये एकाच्या आसपास.

इथून पुढे तिला दुरुस्ती नाही. केंद्रक नाही, म्हणजे नवीन प्रथिन बनवायचा नकाशा नाही. मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीची ऊर्जाघरं, नाहीत. निघताना अंगावर जे होतं त्यावरच चार महिने काढायचे. शरीरात साधारण मिनिटाला एक फेरी धरली तर दीड लाखाच्या वर फेऱ्या होतात. फुप्फुसात ऑक्सिजन घ्यायचा, केशवाहिन्यांतून अंग चोरून जायचं, परत यायचं. आणि जो ऑक्सिजन ती वाहते तोच तिला गंजवतो. दिवसाला थोडा थोडा.

हे सगळं मी अण्णांना घरी आल्यावर सांगत असे, कारण त्यांना झोप लागत नव्हती आणि मलाही नव्हती. अण्णा चाळीस वर्षं मार्केट यार्डात तोलार होते, हळदीच्या बाजारात. शिक्षण सातवी. पण वजन, माप, पोतं यातलं त्यांना जे कळतं ते मला पुस्तकातनं कळत नाही. मी म्हटलं, "अण्णा, या पेशीच्या अंगावर कापड जास्त आणि आत माल कमी असतो. आत जेवढा माल आहे तेवढा गोल चेंडूत भरला असता तर शंभराच्या आत कापडात भागलं असतं. हिच्याकडं एकशेचाळीस आहे."

"म्हंजे अर्धं भरलेलं पोतं," अण्णा म्हणाले. "अर्धं पोतं कुठल्याबी बोळातनं वळतं. गच्च भरलेलं दारात अडतं. हमाल त्याला शिव्या देतात."

यापेक्षा चांगलं कुणी सांगितलेलं मी ऐकलेलं नाही. पेशीला वाकता येतं ते या जास्तीच्या कापडामुळंच. आवरणाच्या आतल्या बाजूला स्पेक्ट्रिन नावाच्या प्रथिनाची जाळी असते, ती ताणली जाते आणि परत जागेवर येते. सात-आठ मायक्रॉनची पेशी तीन मायक्रॉनच्या वाटेनं निघून जाते.

पण म्हातारपणी ती बदलते. हा सगळा बदल मी नंतरच्या तीन महिन्यांत, मिळेल तिथून वाचून काढला. पेशीच्या अंगावरून बारीक बारीक फुगे सुटत राहतात, एक-दोन दशांश मायक्रॉनचे. प्रत्येक फुग्याबरोबर थोडं कापड आणि थोडं हिमोग्लोबिन जातं. आयुष्याच्या शेवटी जन्माच्या वेळचं सुमारे २० टक्के हिमोग्लोबिन गेलेलं असतं, आणि आकारमान त्याहून जास्त, ३० टक्क्यांच्या आसपास, कमी झालेलं असतं. म्हणजे माल गेला त्यापेक्षा पाणी जास्त गेलं. त्यामुळे जे उरलं ते दाट होतं. पाक करताना आधी एकतारी असतो, मग दोनतारी, मग गोळीबंद. पाणी थोडंच उडतं पण घट्टपणा एकदम वाढतो. हिमोग्लोबिनचंही तसंच आहे. त्यात आवरण गंजून ताठ होत जातं, जाळीची लवचीकता जाते. पेशी लहान होते, दाट होते, ताठ होते.

सूक्ष्मदर्शकाखाली मात्र यातलं काही ओळखू येत नाही. नुकती जन्मलेली निळसर झाकेवरून कळते. पण दहा दिवसांची पेशी आणि शंभर दिवसांची पेशी शेजारी शेजारी ठेवली तर मी काय, माझे सर होते ते सांगू शकले नसते. दोन्ही गुलाबी, दोन्ही पेढ्यासारख्या. फरक दाटपणात असतो. म्हणून नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की कमी दाट, तरुण पेशी वर राहतात आणि जास्त दाट, म्हाताऱ्या तळाला जातात. आमच्या पेढीत ही युक्ती आम्ही वर्षानुवर्षं वापरतोय: ज्या पेशंटला नुकतंच रक्त दिलंय त्याचे स्वतःचे अँटिजन शोधायचे असले की बारीक केशनळ्या फिरवून वरचा थर घेतो, कारण तिथं त्याच्या स्वतःच्या ताज्या पेशी असतात. हात ते काम करत होते. त्यामागे पेशीचं वय उभं आहे याचा विचार मात्र केला नव्हता, याचं वाईट वाटलं.

आता त्या फुग्यांबद्दल. पेशी झिजते म्हणजे बिचारीचं नुकसानच होतंय असं मला वाटत होतं. पण त्या फुग्यांत जे जातं ते बरंचसं खराब झालेलं असतं: बिघडलेलं हिमोग्लोबिन, मोडकी प्रथिनं, 'मला उचला' अशी खूण पटवणारे आवरणाचे तुकडे. म्हणजे मरणाची खूण अंगावर उमटायच्या आत पेशी ती झाडून टाकते आणि थोडी लहान होऊन पुढे चालू लागते. पुन्हा खूण उमटते, पुन्हा झाडते. तिचं आकसत जाणं ही तिची जगण्याची धडपड आहे. हे वाचलं त्या रात्री मी बराच वेळ अण्णांच्या खोलीच्या दारात उभी होते. अण्णाही गेल्या पाच वर्षांत अंगानं निम्मे झालेत.

शेवटी परीक्षा होते ती प्लीहेत. आमच्याकडे जुनी माणसं तिला पाणथरी म्हणतात. तिथं पेशीला अशा फटींमधून जावं लागतं ज्यांची रुंदी एक मायक्रॉनच्याही आत असते. पेशीच्या स्वतःच्या रुंदीचा सातवा-आठवा भाग. आणि फटीच्या आजूबाजूला भक्षक पेशी बसलेल्या. जी वाकते ती निघून जाते. जी अडते ती सापडते. अंगावरच्या खुणाही तपासल्या जातात: आवरणाच्या आतल्या बाजूचं मेद बाहेर आलंय का, बँड ३ नावाचं प्रथिन गोळा होऊन त्यावर प्रतिपिंडं चिकटली आहेत का, 'मला खाऊ नका' सांगणारी सीडी ४७ ही खूण जागेवर आहे का. यातल्या कशाला किती महत्त्व यावर संशोधकांत अजून वाद आहेत. सगळ्या पेशी प्लीहेतच मरतात असंही नाही. यकृतात आणि मज्जेतही भक्षक पेशी हेच काम करतात. शरीरातल्या पंचवीस लाख कोटी तांबड्या पेशींचा हिशेब मांडला तर सेकंदाला चोवीस लाखांच्या आसपास मरतात आणि तेवढ्याच जन्मतात. हे वाक्य वाचायला पाच सेकंद लागली असतील तर तेवढ्यात जवळजवळ सव्वा कोटी. त्यांचं लोह वाया जात नाही. दिवसाला २०-२५ मिलिग्रॅम लोह जुन्या पेशींतून काढून नव्यात घातलं जातं, अन्नातून जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम येतं. हिमोग्लोबिनमधला जो भाग उरतो त्याचा पिवळा बिलिरुबिन होतो. आयुष्यभर हळदीत हात बुडवलेल्या माणसाला मी हे सांगितलं तेव्हा ते आपले तळवे बघत राहिले.

१२ सप्टेंबरला, गणपती उठल्यावर आठवड्यानं, अण्णांच्या मधुमेहाची तपासणी झाली. चौदा वर्षं मधुमेह आहे. एचबीएवनसी ६.१ आलं. आजवर साडेसातच्या खाली कधी आलं नव्हतं. दवाखान्यात सगळ्यांना आनंद झाला, एक गोळी निम्मी केली. मलाही आनंद झाला. मी पुण्याला बहिणीला फोन करून सांगितलं की आजारपणात पथ्य चांगलं पाळलं गेलं.

चूक अण्णांनी पकडली. त्यांची एक वही आहे, लाल कापडी बांधणीची, बाजारातल्या दिवसांसारखी. घरच्या मशीनवर साखर तपासली की तीत आकडा लिहितात. ती माझ्यापुढं सरकवून म्हणाले, "ताई, काटा एक सांगतोय आन् पावती दुसरंच. दोन्हीतलं एक चुकतंय." वहीत उपाशीपोटी १८८, १९४, १७९ होतं. जेवणानंतर अडीचशेच्या पुढे.

काटा बरोबर होता. एचबीएवनसी म्हणजे साखर चिकटलेलं हिमोग्लोबिन. रक्तातली साखर हिमोग्लोबिनला हळूहळू आपोआप चिकटते, त्याला कुठलं विकर लागत नाही. पेशी जितके दिवस त्या रक्तात फिरते तितकी जास्त साखर तिच्यावर बसते. इराणचे सॅम्युएल रहबर यांना १९६८ च्या सुमारास मधुमेहींच्या रक्तात हे वेगळं हिमोग्लोबिन सापडलं, आणि आज जगभर गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज त्यावरून बांधतात. पण या अंदाजात एक गोष्ट गृहीत आहे: रक्तात सगळ्या वयाच्या पेशी नेहमीच्या प्रमाणात आहेत. अण्णांच्या बऱ्याचशा जुन्या पेशी रक्तस्रावात वाहून गेल्या होत्या. आता रक्तात होत्या त्यांत बऱ्याच महिन्याभरात जन्मलेल्या, आणि काही मधुमेह नसलेल्या कुणाच्या तरी. साखर चिकटायला वेळच मिळाला नव्हता.

मी हे सांगितल्यावर अण्णा म्हणाले, "गोदामात सगळी पोती कालच आली असतील तर पोत्यावर धूळ कुठनं दिसणार? म्हणून गोदाम झाडलंय म्हणायचं व्हय?"

दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन फिजिशियनकडे गेले. फ्रुक्टोसामाइन केलं, त्यात साखर पेशीला नाही, प्लाझ्मातल्या प्रथिनांना चिकटलेली मोजतात, त्यामुळे पेशीच्या वयाचा संबंध येत नाही आणि गेल्या दोन-तीन आठवड्यांचंच कळतं. ते चढं आलं. गोळी पूर्ववत झाली. पण त्यात बारा दिवस गेले होते, आणि रिपोर्ट हातात घेऊन खूश होणाऱ्यांत मी होते, जिला रेटिक सात टक्के आहे हे माहीत होतं. ही गोष्ट मी इथे लिहिते आहे ती मुख्यतः यासाठी. रक्तस्राव झाला असेल, रक्त चढवलं असेल, पेशी लवकर फुटण्याचा आजार असेल, तर एचबीएवनसी खोटं कमी येऊ शकतं. आणि उलटंही होतं: लोहाची कमतरता असली की ते खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतं. आपल्याकडच्या कितीतरी बायकांच्या बाबतीत हे लक्षात ठेवायला हवं. रक्त दिल्याची तारीख डॉक्टरांना आपणहून सांगा.

आता माझ्या मोजणीची हकिगत, जी मला सगळ्यात जवळची आहे.

अण्णांच्या ए गटाच्या पेशींत ओ गटाच्या पेशी फिरत होत्या. नळीत अँटी-ए, म्हणजे ए गटाच्या पेशींना पकडणारं प्रतिपिंड, घातलं की अण्णांच्या स्वतःच्या पेशींच्या गाठी व्हायच्या आणि ओच्या मोकळ्या राहायच्या. आम्ही याला मिक्स्ड फील्ड म्हणतो. एरवी अशी नळी दिसली की कपाळाला आठ्या पडतात. पण १९१९ साली अमेरिकेत मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकमध्ये विनिफ्रेड अ‍ॅश्बी नावाच्या बाईंनी नेमकं हेच वापरून तांबड्या पेशीचं आयुष्य मोजायला सुरुवात केली. त्यांनी ज्यांना ओ गटाचं रक्त दिलं होतं अशा इतर गटांच्या रुग्णांचं रक्त वेळोवेळी घेतलं, सीरम घालून त्यांच्या स्वतःच्या पेशींच्या गाठी केल्या आणि मोकळ्या राहिलेल्या पेशी मोजल्या. तोवर समजूत होती की पेशी दोन-तीन आठवडे जगत असेल. अ‍ॅश्बीबाईंच्या मोजणीत दिलेल्या पेशी महिन्याच्या पुढेही सापडत राहिल्या, आणि नंतरच्या मोजण्यांत तर शंभर दिवसांपर्यंत. माझ्या टेबलावर जे सामान आहे, जवळजवळ त्याच सामानावर. पुढे न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड शेमिन यांनी जड नायट्रोजन घातलेलं ६६ ग्रॅम ग्लायसिन स्वतः खाल्लं, ते हिमोग्लोबिनमधल्या हीममध्ये, म्हणजे लोह धरणाऱ्या भागात, किती दिवस टिकतं ते पाहिलं, आणि १९४६ साली १२७ दिवस असं उत्तर छापलं. ती रीत जास्त नेमकी. पण माझं मन अ‍ॅश्बीबाईंवर बसलंय.

आमच्या बीटीओ मॅडमची, म्हणजे रक्तपेढीच्या डॉक्टरांची, परवानगी घेतली. अण्णांचं रक्त तपासणीसाठी तसंही जात होतं, त्यातलाच उरलेला थेंब मी वापरणार होते. पेशी धुतल्या, अँटी-ए घातलं, न्यूबॉर चेंबरमध्ये, म्हणजे चौकटी आखलेल्या मोजणीच्या काचेवर, मोकळ्या पेशी मोजल्या. शेजारी माझ्या स्वतःच्या रक्ताची नळी लावली, कारण अँटी-ए घालूनही ए गटाच्या थोड्या पेशी मोकळ्या राहतातच. तेवढ्या वजा करायच्या. नुसता टक्का बघून चालत नाही, कारण अण्णांच्या नव्या पेशी वाढत होत्या आणि त्यांच्या गर्दीतही परक्यांचा टक्का उतरला असता. म्हणून दर वेळी एकूण संख्येनं गुणलं. रक्त दिल्याच्या दुसऱ्या दिवशीचा नमुना फ्रिजमध्ये होता, त्यात मायक्रोलिटरमागे सुमारे पावणेआठ लाख परक्या पेशी निघाल्या. १२ सप्टेंबरला साडेपाच लाख. १० ऑक्टोबरला साडेतीन लाखांच्या थोड्या वर. दिवाळीनंतर ८ नोव्हेंबरला दीड लाखाच्या आसपास.

चेंबरची मोजणी ढोबळ असते, हे मला माहीत आहे. तरी धाकट्याच्या आलेखवहीत ते चार ठिपके मांडले आणि पट्टी लावली तर चारही पट्टीच्या कडेला.

सरळ रेष आली याचा अर्थ फार मोठा आहे. चहाच्या टपरीवरचे काचेचे ग्लास घ्या. ग्लास नवा असो की जुना, हातातून निसटला की फुटतो. अशा फुटण्यात या महिन्यात निम्मे जातात, पुढच्या महिन्यात उरलेल्यांतले निम्मे, आणि रेष वाकत वाकत जाते, कधीच पूर्ण शून्याला टेकत नाही. पेशी तशा अपघातानं मरत असत्या तर माझीही रेष वाकली असती. ती सरळ होती. म्हणजे दर दिवशी फक्त तेवढ्याच गेल्या ज्यांची पाळी आली होती. दात्याच्या दंडातून पिशवीत आलेलं ते सगळ्या वयांचं गाव, रोज एका वयाचं एकेक घर रिकामं करत होतं. आणि ते अण्णांच्या प्लीहेनं केलं, जिला त्या पेशी परक्या आहेत हे माहीतही नव्हतं. तिनं फक्त वय ओळखलं. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मला चोवीस वर्षांत जे दिसलं नाही, ते.

फ्रिजमधल्या बारा दिवसांचंही मनात होतं. पिशवीत पेशी वेगळ्या तऱ्हेनं बिघडतात. थंडीत पोटॅशियम बाहेर गळतं, ऊर्जा कमी होते, पेढ्याला काटे फुटून ती कदंबाच्या फुलासारखी दिसायला लागते. यातलं बरंचसं शरीरात परतल्यावर भरून येतं. ज्यांचं येत नाही त्या पहिल्या दिवसातच गळतात. पण जी पेशी तो दिवस पार करते ती पुढे आपलं आयुष्य जगते. माझी पहिली मोजणी दुसऱ्या दिवसाची असल्यामुळे ती सुरुवातीची गळती तिच्यात आली नाही.

अण्णांना मी रेष दाखवली. त्यांनी चष्मा लावून वही उजेडाकडे धरली. पट्टी स्वतः ठेवून पाहिली. मग म्हणाले, "काटा सरळ उतरतोय. कधी टेकंल?"

पट्टी पुढे वाढवली तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याकडे टेकत होती. अण्णांनी कालनिर्णय काढून ५ तारखेच्या चौकटीत पेन्सिलीनं लहान गोल केला. नंतर रोज सकाळी साखरेचा आकडा लिहिताना आदल्या दिवसाच्या चौकटीला तिरकी रेघ मारायचे. एक दिवस विचारलं, "ज्यानं दिलं त्याला कळवता येतं का, की तुझं अजून थोडं हाय माझ्यात?"

मी नाही म्हटलं. नाव सांगता येत नाही. एवढंच सांगितलं की २८ जुलैला एका कॉलेजात शिबिर होतं, म्हणजे विशी-बाविशीचं कुणीतरी असावं.

"पोरगं," अण्णा म्हणाले, आणि पेन्सिल खिशात ठेवली.

५ डिसेंबरला, ११८ व्या दिवशी, मी शेवटची मोजणी केली. अण्णांच्या नळीत आणि माझ्या नळीत मोकळ्या पेशी सारख्याच निघाल्या. तीन वेळा केलं, तीन वेळा तेच. घरी आले तर अण्णा ओट्याशी बसून माझीच वाट बघत होते.

"टेकला?"

"टेकला. आता सगळ्या तुमच्याच."

"सगळ्यात म्हातारी कधीची?"

"ऑगस्टमधली. राखीपौर्णिमेच्या आसपासची."

त्याच दिवशी एचबीएवनसीही घेतलं होतं. ८.३. या वेळी काटा आणि पावती जुळले. औषध वाढलं, रात्रीचा भात बंद झाला, वेदनाशामक गोळ्यांचा डबा मी माळ्यावरून काढून टाकला. पुढची तपासणी मार्चमध्ये ठरली. नवीन वर्षाचं कालनिर्णय भिंतीला टांगलं तेव्हा अण्णांनी आधी मार्चचं पान उलटलं, बोटानं चौकटी मोजत गेले आणि पेन्सिलीनं एक लहान गोल केला.